कौल लावून बसवलेला अँटिव्हायरस

तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली की माणसाला एक सवय जडते. कोणताही निर्णय आपल्या डोक्याने घ्यायचा नाही, आणि घ्यावाच लागला तर त्याखाली दुसऱ्या कोणाची तरी सही पाहिजे. या सवयीच्या जोरावर मी अव्वल कारकून झालो आणि एकही मेमो न घेता निवृत्त झालो. पुढे घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस निवडायची वेळ आली, तेव्हा मी सही घेतली ती थेट आमच्या ग्रामदेवतेची. नंतर जे झालं त्यात देवीचा काही दोष नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाडीतले काही लोक अजून तसं बोलतात.

आमचं गाव मालवणहून धामापूरला जाणाऱ्या वाटेवर. कॉम्प्युटर घेतला तो दोन हजार चार साली, पुण्याची मुलगी ई-मेल पाठवील म्हणून. जान्हवीने तीन ई-मेल पाठवले. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'बाबा, त्यापेक्षा फोनच करत जाऊ.' मग आमच्या सौ.ने, म्हणजे सुभद्राने, त्याच्यावर स्वतः भरतकाम केलेलं तांबडं कापड घातलं आणि तो दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूंत जमा झाला. तिथून त्याला पुन्हा कामाला लावलं ते माझ्या दादाने.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ भिकाजी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही, माडांच्या पलीकडच्या जुन्या घरात एकटाच राहायचा. चाळीस वर्षं तो दशावतारात राणी झाला. आमच्याकडच्या दशावतारात नाटक कोणी लिहून देत नाही. कथा ठरते, सोंगं ठरतात, आणि बोलणं ज्याने त्याने उभ्या उभ्या करायचं. त्यामुळे दादाची राणी जे बोलली ते बोलून झाल्यावर संपलं, कुठल्या कागदावर राहिलं नाही. कागदावर नसलेल्या गोष्टीला मी आयुष्यभर किंमत दिली नाही, म्हणून त्याचं एकही नाटक मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. खरं कारण वेगळंच होतं. भाऊ लुगडं नेसून उभा राहतो याची मला कचेरीत लाज वाटायची. एकदा जत्रेत आमच्या साहेबांनी विचारलं, "ही राणी तुमची कोण हो?" मी म्हणालो, "आमच्या गावचेच आहेत." दादा मागेच उभा राहून तोंडाचा रंग पुसत होता. त्याने ऐकलं की नाही, त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मग दादाला घशाचा कॅन्सर झाला. मुंबईला ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. गळ्याला भोक, त्यावर पांढरा फडका, आणि बोलायला हातात शाळेची पाटी. चाळीस वर्षांच्या बोलण्यातून राहिली एक कॅसेट. कुडाळकडच्या कुठल्याशा जत्रेत एका शौकिनाने भरून घेतलेली, त्यात राणीचं हरवलेलं मूल ती रानावनात शोधते तो प्रवेश, चाळीस मिनिटांचा. आमच्या हवेत कॅसेटीलाही बुरशी येते. मालवणच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या प्रितमने ती साफ केली, आमच्या कॉम्प्युटरवर उतरवली, आणि म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून अशी करून दिली की पडद्यावरच्या लाल चित्रावर दोनदा टिचकी मारली की आवाज आपोआप सुरू. उतरवून होईस्तोवर कॅसेटची फीत मात्र तुटली ती तुटलीच.

"काका, एक सीडी काढून ठेवया," प्रितम म्हणाला होता.

"कशाला?" मी म्हणालो. "इथे आहे ना?"

हे मी म्हणालो. ज्याने तीन प्रतींशिवाय एकाही शेतकऱ्याचा अर्ज हातात घेतला नाही, त्या माणसाने.

त्या दिवसापासून दादा रोज दुपारी तीनला यायचा. सुभद्रा तेव्हा झोपायची, म्हणून तो हेडफोन लावून ऐकायचा. मी बाजूच्या आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडायचो. दादाचे ओठ हलायचे, हात उठायचे, बोटं कोणाच्या तरी केसांवरून फिरल्यासारखी फिरायची. चाळीस मिनिटांनी तो हेडफोन काढायचा, तांबडं कापड नीट झाकायचा आणि चहा पिऊन जायचा. मी स्वतः ती फाईल पुरती कधी ऐकली नाही. घरातच होती, केव्हाही ऐकता येईल असं वाटायचं.

वर्षभर हे सुरळीत चाललं. मग एका दुपारी दादाने मला हलवून उठवलं आणि पाटी पुढे केली. पाटीवर होतं: 'मदीच गप झाली.'

कॉम्प्युटर मिनिटाभरात आपोआप बंद पडत होता. सुरू केला की पुन्हा बंद. प्रितमला फोन केला. तो म्हणाला, व्हायरस शिरलाय, त्याच्या दुकानातले चारही बिघडले होते, त्याला सगळं पुसून नव्याने भरावं लागलं. "तुमचो वाचवया," तो म्हणाला, "पण अँटिव्हायरस घाला. एक फुकटचो आसा, तो मी देतंय. दुसरो विकतचो, तो कुडाळाक गावतलो. खयचो घालूचो ता तुमी ठरवा."

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत भीती होती. ऑपरेशनला नेतानाही मला ती दिसली नव्हती.

"दादा," मी म्हणालो, "तुझ्या आवाजाक मी धक्को लागाक देवचंय नाय."

आयुष्यात दादाला दिलेलं हे माझं पहिलं वचन. आता फक्त ठरवायचं होतं, फुकटचा की विकतचा.

शेजारचा बाळा, निवृत्त एस.टी. ड्रायव्हर, सकाळी पेपर वाचायला यायचा तो सल्ला देऊनच उठायचा. "अण्णा, फुकटचा कधी घेव नये," तो म्हणाला. चहा आल्यावर म्हणाला, "विकतचाय पन काय खरा नाय. माज्या गाडयेक कंपनीचो ब्रेक होतो, घाटात तोच गेलो." मासे घेऊन येणारी चंद्रावती पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "दिष्ट काढा हो मिशिनीची. मीठ-मिरची व्हवाळून टाका. आमच्या होडयेक आमी तसाच करतों." तिची होडी अजून पाण्यावर होती, हे मला नाकारता येईना. पुण्याहून जान्हवीने फोनवर सांगितलं, "बाबा, काहीही घाला, पण लवकर घाला." हा सल्ला सर्वांत शहाणपणाचा होता, म्हणून तो कोणी मनावर घेतला नाही.

आठवडा गेला. दादा रोज तीनला यायचा, बंद कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि चारला जायचा. शेवटी सुभद्राच वैतागली. "ओ, तुमच्यान काय ठरना नाय. देवीक इचारा आणि सुटा."

आमच्याकडे कौल लावल्याशिवाय कोणी विहीर खणत नाही, मुलीचं लग्न ठरवत नाही. देवीच्या पाषाणाला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहिरीचा निकाल लावणाऱ्या देवीला अँटिव्हायरस जड जाऊ नये, असं मला वाटलं. मी दोन्ही नावं कागदावर लिहून, खाली तारीख टाकून घेऊन गेलो.

गुरवाला ती नावं उच्चारता येईनात. त्याने एकाला 'फुकटचा' आणि दुसऱ्याला 'कुडाळचा' असं नाव दिलं आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी माउली, तू बारा वाड्यांची राखणदारीण! तुजा ह्या लेकरू आज तुज्या पायाकडे इलाहा. तेच्या घरातल्या कांपुटरात कायतरी भायला शिरलाहा, ता जंय आसात थंय गाडून टाक!"

"व्हय म्हाराजा!" बाळा आणि मी.

"तेच्या भावान तुज्या देवळाफुडे चाळीस वरसां सेवा केली. तेचो आवाज त्या पेटयेत आसा. तो जसो आसा तसो ऱ्हवांदे!"

हे मी सांगितलं नव्हतं. "व्हय म्हाराजा" म्हणताना माझा आवाज जरा फाटला. दादा खांबाला टेकून उभा होता, त्याचे फक्त ओठ हलले.

गुरवाने फुकटच्याबद्दल विचारलं. उजवी पाकळी पडली. खरं तर इथेच थांबायचं. पण माझ्यातल्या कारकुनाला दुसऱ्या प्रकरणावरही शेरा हवा होता. मी म्हणालो, "कुडाळच्याचाय इचारा, म्हणजे नस्ती पुरी होतली." गुरवाने विचारलं. पुन्हा उजवी.

गुरव डोकं खाजवू लागला. बाळा मात्र एकदम म्हणाला, "तेच्यात काय आसा? देवी म्हणता, दोनय घाला! एका गाडयेक दोन ब्रेक!"

असं मला कोणी इतक्या सोप्या शब्दांत समजावून दिलं नव्हतं.

कुडाळच्या दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला दुकानदाराने खोका दिला, पण आतलं नोंदणीचं कार्ड दुसऱ्याच खोक्याचं निघालं, म्हणून दुसरी. मग फोनवर नोंदणी. पलीकडच्या बाई हिंदीत बोलत होत्या. "सिंधुदुर्ग कहाँ पड़ता है?" त्यांनी विचारलं. मी शुद्ध सरकारी हिंदीत चतुःसीमा सांगितली. त्या म्हणाल्या, "सर, मैं मुंबई लिख देती हूँ." म्हणजे कंपनीच्या दप्तरी आमचं घर अजून मुंबईत आहे. नोंदणी झाली तरी अँटिव्हायरस बसेना, कारण कॉम्प्युटरचा आतला सेल संपला होता आणि त्याच्या हिशेबी सन दोन हजारचा पहिला जानेवारी चालू होता. त्या तारखेला हा अँटिव्हायरस जन्मलाच नव्हता. जन्माच्या आधीची नोंद मीही कचेरीत कधी चालू दिली नसती, त्यामुळे त्याच्यावर रागावता येईना. प्रितमने येऊन सेल बदलला, शिरलेला व्हायरस काढला, फुकटचा अँटिव्हायरस बसवला आणि गेला. देवीने दोन सांगितलेत, हे त्याला सांगायचं माझ्या मनात आलं होतं. पण तो तरुण माणूस, हसला असता. माझी प्रतिष्ठा आडवी आली.

रविवारी विकतचा मी स्वतःच बसवला. फोनच्या तारेतून त्याची नवी माहिती उतरायला नऊ तास लागले. नऊ तास फोन लागत नाही म्हणून जान्हवीने बाळाच्या घरी फोन करून विचारलं, "बाबा बरे आसत मां?" मध्येच पडद्यावर एक इंग्रजी चौकट आली. शब्दकोश घेऊन ती तीनदा वाचली. सारांश असा: 'या घरात आधीच एक अँटिव्हायरस आहे. तो काढू का?' मी हात जोडले आणि 'नाही' दाबलं. देवीचा कौल खोडायचा अधिकार मला कोणी दिला होता?

सोमवारी तीनला दादा आला. हेडफोन लावले, लाल चित्रावर टिचकी मारली. एक चौकट आली, ती त्याने मिटवली. दोन अँटिव्हायरस झाल्यापासून तशा चौकटी उठता बसता येत होत्या, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. दादा क्षणभर थांबला. माझ्याकडे वळून बघितलं. मी मान उंचावून वाट बघत होतो, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा.

"आयकाक येता मां नीट?" मी विचारलं.

त्याने पाटी घेतली. 'पयल्यापरास बरा.'

पहिल्यापेक्षा चांगलं! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ती पाटी मी त्याला पुसू दिली नाही, सुभद्राला उठवून दाखवली. दादाचे ओठ हलू लागले, हात उठले. मी निर्धास्त झोपलो.

तो आठवडा मी वाडीभर छाती पुढे काढून फिरलो. बाळाला सांगितलं, गुरवाला नारळ दिला, चंद्रावतीला म्हटलं, तुझ्या मीठ-मिरचीवाचून भागलं. दादा रोज आला. एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. पूर्वी चाळीस मिनिटांत संपायचं ते आता तासभर चालायचं. सुभद्रा चहा घेऊन यायची तरी राणी अजून रानातच. शुक्रवारी तर दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी सुभद्राला समजावलं, दोन अँटिव्हायरसमुळे कॉम्प्युटर मंद झालाय, त्यामुळे आवाजही सावकाश चालत असणार. तिलाही ते पटलं.

रविवारी प्रितम सहज डोकावला. कॉम्प्युटर सुरू केला आणि कपाळाला हात लावला.

"काका, दोन? दोन कोणी घातले?"

मी देवीचं नाव सांगितलं. तो हसला नाही. बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. मग खुर्ची माझ्याकडे फिरवून हळूहळू सांगितलं. दादाची फाईल आपोआप सुरू होणारी होती, आणि आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट या मंडळींना चोर वाटते. एकाने तिला धरून कोठडीत टाकली. एवढ्यावर थांबलं असतं तर बाहेर काढता आली असती. पण दुसऱ्याने पहिल्याची कोठडीच तपासली, आत चोर बघितला आणि संपवून टाकला. लाल चित्र राहिलं ते नुसती दारावरची पाटी, आत घर नाहीच.

"तुझ्याकडली प्रत?" मी विचारलं.

"माझे सगळे पुसलंय ना काका. व्हायरस इल्लो तेव्हाच."

"असं कसं होईल?" माझा आवाज चढला. "दादा रोज ऐकतो! काल ऐकलं! परवा रडला ऐकताना!"

प्रितमने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. फाईल पुसल्याची वेळ: सोमवार, सकाळी साडेनऊ. हेडफोन उचलून माझ्या कानाला लावले आणि लाल चित्रावर टिचकी मारली. चौकट आली. कानात काही नव्हतं.

सहा दिवस. सहा दुपारी माझ्या दादाने कानाला ते मुके हेडफोन लावून तासतासभर राणी केली होती. का, ते मला कोणी सांगायला नको होतं.

सोमवारी तीनला तो आला. गळ्यावरचा फडका सारखा केला, खुर्चीत बसला, तांबडं कापड काढलं आणि हेडफोनला हात घातला.

"दादा, ऱ्हवांदे ता," मी म्हणालो. "माका समाजला."

त्याने हेडफोन खाली ठेवले. मग पाटीवर लिहिलं: 'कुडाळाक दोन खेपो घातलंस.' थोडं थांबून त्याखाली: 'तू एवढा कधी केला नव्हतंस.'

मी त्रेसष्ट वर्षांचा निवृत्त अव्वल कारकून. मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलो. माफी मागायची होती, कॅसेटची, सीडीची, आणि साहेबांना दिलेल्या त्या उत्तराची. एवढ्या सगळ्याचा अर्ज एकदम कसा करायचा ते मला सुचेना. दादा माझ्या टकलावरून बोटं फिरवत राहिला.

मग मी उठलो. कोपऱ्यातली चटई काढून खाली अंथरली आणि मांडी घालून बसलो.

"आज माका बघूचा आसा," मी म्हणालो. "पयल्यापासून शेवटापर्यंत."

दादाने माझ्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरवरचं तांबडं कापड उचललं, झटकलं आणि डोक्यावरून पदर घेतला. खुर्ची मागे सरली. एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा उठला आणि राणी होऊन उभा राहिला. ती झाडाझाडाला विचारत फिरली, दगडांपाशी बसली, आमच्या जेवणाच्या टेबलाखाली वाकून तिने हरवलेल्या मुलाला हाका मारल्या. ओठ सारखे हलत होते. मी त्या ओठांकडे जीव डोळ्यांत आणून बघत होतो, आणि त्यातला एक शब्द मला ओळखू येत नव्हता. चाळीस वर्षं ते शब्द जत्रेजत्रेत हवेवर होते, एक वर्ष माझ्या दिवाणखान्यात होते, आणि मी पेपरखाली झोपलो होतो. ते आता दादाच्या डोक्यात तेवढे राहिले होते, आणि तिथून बाहेर यायला वाट नव्हती.

सुभद्रा केव्हा दारात येऊन उभी राहिली कळलं नाही. चहा निवला होता.

राणी थांबली. दादा धापा टाकत खुर्चीत बसला. गळ्यावरचा फडका वरखाली होत होता. त्याने पाटी ओढून घेतली आणि लिहिलं: 'आयकाक इला?'

"व्हय," मी म्हणालो. "सगळा. पयल्यापरास बरा."

दादाला चांगल्या-वाईट नटाची पारख होती. तो माझ्याकडे बघून हसला, कापडाची घडी घालून कॉम्प्युटरवर ठेवली आणि सुभद्राकडे चहासाठी हात पुढे केला.